पाडव्याची पहिली धार

"ह्याला फॅट किती लागतंय?" आबांनी विचारलं.

मृण्मयी, माझी भावजय, गाडीतून उतरवलेला पुठ्ठ्याचा खोका ओट्यावर ठेवत होती. पुण्याहून आणलेला. आत बदामाच्या दुधाचे डबे, सोयाबीनचं पनीर आणि कसल्या कसल्या पुड्या. आबांनी एक डबा उचलून कानाशी हलवला, नारळ घेताना हलवतात तसा.

"आबा, यात कोलेस्टेरॉल अजिबात नाही," ती म्हणाली.

"ते नव्हं. फॅट."

"असेल एक-दोन टक्के."

"मग पाणी हाय," आबा म्हणाले आणि डबा परत खोक्यात ठेवला.

अपमान करायचा म्हणून नाही. कोल्हापुरात चौकातल्या कट्ट्यावर म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात फेसाळ धार काढून द्यायची, यात ज्यांची हयात गेली, ते दुधाकडे दुसऱ्या कुठल्या बाजूनं बघणार? आमचं आडनाव दहिहांडे. आणि सून मिळाली व्हेगन.

हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत नवा होता. माझा भाऊ बसवराज, जो पुण्यात गेल्यावर राज झाला होता, फोनवर समजावून सांगताना घामाघूम व्हायचा. मांसमच्छीचा प्रश्नच नव्हता. आम्ही लिंगायत गवळी, ते आमच्या घरात कधी शिरलंच नाही. प्रश्न दुधाचा. त्याची सहा वर्षांची मैत्रा दूध, दही, ताक, लोणी, तूप यांतलं काहीही न खाता वाढत होती. हे कळल्यापासून कट्ट्यावर कुणी नातीचा विषय काढला की आबा म्हशीशी बोलायला लागत.

एरवी हे वर्षातून चार दिवस सहन करण्यासारखं होतं. पण त्या दिवाळीला बसवराजची कंपनी त्याला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवणार होती आणि मृण्मयीही बरोबर जाणार होती. मैत्राला ठेवायचं कुठं? नाशिकला तिच्या आईकडे, की आमच्याकडे? माझ्या आईनं जन्मात कुणाकडे काही मागितलं असेल असं मला आठवत नाही. तिनं तेव्हा मागितलं. "पोरगी माझ्याकडं ठेवा," एवढंच.

मृण्मयी नाही म्हणाली नाही. ती शिकलेली होती. तिनं अट घातली. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत बघू, या दिवसांत मैत्राच्या पोटात दुधाचा थेंब गेला नाही तर ती इथं राहील. गेला तर नाशिक.

"आणि पंच अक्का," ती म्हणाली.

अक्का म्हणजे मी. पतसंस्थेत वसुलीला होते. सासर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माहेरच्या घरात माझा पाय रोजचा. माणूस खोटं बोलायच्या आधी कुठं बघतो हे मला बऱ्यापैकी कळतं, असा माझा लौकिक होता. आबांच्या घरातली चोरी पकडायला आबांचीच लेक नेमायची, हा मृण्मयीचा हिशेब मला आवडला. अटीमागचा हिशेबही कळला. समोरच्याला झेपणार नाही अशी अट घातली की आपल्याला नाही म्हणावं लागत नाही. आमच्याकडे कर्ज मागायला येणाऱ्या नको असलेल्या लोकांना साहेब असेच जामीनदार मागायचे.

"पण दूध का न्हाई, ते तर सांग," आई म्हणाली. ती जात्याशेजारी बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. शेजारी कपात कोरा चहा.

मृण्मयीनं आवाज मऊ केला. लहान मुलांना आणि सासरच्या माणसांना समजावायचा तिचा एकच आवाज होता. "आई, ते दूध खरं तर वासराचं असतं ना. त्याच्या तोंडचं काढून आपण पितो. मैत्राला मी हे सगळं समजावून सांगितलंय. तिनं स्वतः ठरवलंय."

"तिनं ठरवलं?"

"हो."

मैत्रा तेव्हा गोठ्याच्या दारात उभी राहून रेडकाला स्वतःचं नाव सांगत होती.

आईनं एक शेंग मोडली. "म्हंजे वसुबारसच की गं ही."

"काय?"

"आज काय हाय? वसुबारस. आज आमी बायका गाईचं दूध, दही, तूप काय शिवत न्हाई. आज ते वासराचं असतंय. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. आमचं वर्सातनं एकदा, तुझ्या पोरीचं रोज." ती उठली. "मग सांगायचं न्हाई का असं सरळ. किती दिवस झाले, आपला बसू फोनवर काय काय सांगतोय."

मृण्मयी हसली. समोरच्यानं आपलं म्हणणं भलत्याच कारणासाठी मान्य केलं की माणूस हसतो तसं. "हे व्रत नाही आई, ही जीवनशैली आहे."

"तेच ते," आई म्हणाली आणि राख आणायला परसात गेली.

राख कशाला, ते संध्याकाळी कळलं. आईनं एक पातेलं, दोन ताटल्या, पळी, वाटी, पेला असं सगळं राखेनं घासून उन्हात उपडं घातलं होतं. ते मैत्राचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वेगळी शेगडी मांडली. तुपाचा डबा वरच्या फळीवर गेला, विरजणाचं भांडं माजघरात. शंकरपाळ्या आधीच झाल्या होत्या, दूध-तुपातल्या. आईनं त्या शेजारी वाटून टाकल्या आणि तेलाचं मोहन घालून गुळाच्या पाण्यात नव्यानं पीठ भिजवायला घेतलं. लाडू शेंगदाण्याचे. बसवराज म्हणाला, "आई, एवढं सोवळं नसतं गं यात." आई म्हणाली, "तू गप. तुला कुठलं व्रत जमलंय आजवर."

मृण्मयीनं डॉक्टरांनी दिलेले बी-ट्वेल्व्हचे थेंब आणले होते. ते रोज द्यायचेच, चुकवायचे नाहीत, असं तिनं बजावलं. आईला ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. रोज सकाळी आंघोळ झाली की मैत्रा देवासमोर बसायची आणि आई तीर्थ दिल्यासारखे ते थेंब तिच्या जिभेवर सोडायची. पोरगीही डोळे मिटून घ्यायची. मृण्मयी दारात उभी राहून हे बघायची.

पहिला चोर अपेक्षेप्रमाणे आबा. धनत्रयोदशीला दुपारी मी मागच्या दारानं आले, तर आबा लोण्याचा गोळा बोटावर घेऊन मैत्रासमोर उकिडवे बसलेले.

"नुस्तं चाटून बघ. आत्याला सांगायचं न्हाई."

"आत्या तुमच्या मागेच आहे," मैत्रा म्हणाली.

मी काही बोलायच्या आधी आई आली. तिनं आबांचा हात मनगटाला धरून मोरीवर नेला आणि साबण लावून धुतला. माझ्या आईनं आबांचा हात असा चारचौघांत धरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "कट्ट्यावरनं आल्यावर हात धुतल्याबिगर पोरीला शिवायचं न्हाई," ती म्हणाली.

"अगं, माझ्या हाताला जल्मापासनं दुधाचा वास हाय."

"तेच म्हणतीया मी."

दुसरी चोर मात्र माझ्या हिशेबात नव्हती. त्याच संध्याकाळी मैत्रा भुकेजली, तर मृण्मयीनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. आईनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे दिला. "अक्का, वाच गं. काय काय घातलंय?"

मी वाचलं. मैदा, साखर, तेल आणि मग दुधाची पावडर.

"अगदी थोडी असते," मृण्मयी म्हणाली. "प्रवासात कधीतरी देते मी. घरी नाही."

"थेंब न्हाई म्हणालीस न्हवं?" आई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. तिनं पुडा फोडला आणि गोठ्यात जाऊन हरणी म्हशीपुढे ओतला. "म्हशीचं म्हशीला."

मैत्रानं टाळ्या वाजवल्या. मृण्मयीनं मोबाईल काढून त्यात बघायला सुरुवात केली.

तिसरा चोर माझा भाऊ. तो घरात सज्जन होता. बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता आणि आईच्याही. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फिरून येतो म्हणून गेला आणि पलीकडच्या चौकात तम्माण्णाच्या कट्ट्यावर उभा राहून धारोष्ण दुधाचे ग्लास रिचवून आला. तम्माण्णा आणि आबांमध्ये एका रेड्याच्या खरेदीवरून बोलणं बंद होतं. बातमी आबांकडे बसवराजच्या आधी पोचली.

"दूध प्यालास ते प्यालास," आबा म्हणाले, "पर तम्माण्णाचं?"

"आबा, आपल्या कट्ट्यावर प्यायलो असतो तर हिला कळलं असतं."

"आणि आता?"

आता हिलाही कळलं होतं, आईलाही आणि चौकाला तर आधीच. पण ते निकालात धरण्याचं कारण नव्हतं. अट मैत्राच्या पोटापुरती होती. मी तसं जाहीर केलं. मृण्मयी म्हणाली, "अक्का, तुम्ही फार नियमानं चालता." तिची ती तक्रार होती, पण मला ते ऐकायला बरं वाटलं.

आणि मृण्मयी स्वतः? ती दुपारी चालायला म्हणून बाहेर पडे आणि माझ्या घरी येई. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "अक्का, चहा टाका ना." मी बदामाचं दूध आणलंय का विचारलं. ती म्हणाली, "नाही, तुमचाच. दाट करा जरा." मग कप ओठाला लावून डोळे मिटून, "मी अजून ट्रान्झिशनमध्ये आहे. मैत्राचं तसं नाही, ती लहानपणापासूनच आहे." मी साखर विचारली. दोन चमचे म्हणाली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पंचानं अटीपुरतंच बघायचं असतं.

पाडवा उजाडला. आमच्याकडे हा म्हशींचा दिवस. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसांचा तुरा. मग मालक मोटारसायकल काढतो आणि म्हैस त्याच्या आवाजामागे रस्त्यावरून पळत सुटते. सगळं गाव बघायला. पण आमच्या घरात त्याआधी एक रीत होती. सजवलेल्या म्हशीची पहिली धार ग्लासात काढायची आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या तोंडाला लावायची. आबांच्या आज्यापासून चालत आलेली. ती धार बादलीत जात नाही, विकत नाहीत आणि जमिनीवर सांडली तर वर्षभर गोठ्यात काही ना काही होतं म्हणतात. ती प्यायलाच लागते. मी प्यायलेय, बसवराज प्यायलाय. मैत्रा पाडव्याला इथं पहिल्यांदाच होती. गल्लीतले जमतात, बघतात, मग म्हैस सुटते.

आबा आदल्या दिवसापासून गप्प होते. मला वाटलं, म्हातारा समजून चाललाय. तो काही समजून चालला नव्हता.

सकाळी दारात गल्ली जमली. हरणीची शिंगं हिंगुळानं लाल केलेली. आबा गुडघ्यात बसले, कास धुतली, ग्लास धरला. धारेचा आवाज आधी पातळ येतो, मग ग्लास भरत जाईल तसा जाड होत जातो. लहानपणापासून ऐकलेला तो आवाज माझ्या आजही कानात आहे. फेस काठावर आला. आबा उठले आणि सरळ मैत्राकडे चालत आले.

मी मृण्मयीकडे पाहिलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभी होती. तिनं एक शब्द काढला असता तर आबा थांबले असते. सुनेचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. ती बोलली नाही. ती वाट बघत होती. एवढ्या लोकांसमोर आबा ग्लास पोरीच्या तोंडाला लावणार, थेंब आत जाणार आणि नाशिकचं तिकीट तिला कुणाकडे मागावं लागणार नव्हतं. बसवराज मोटारसायकलचा आरसा पुसत होता. आरसा स्वच्छ होता.

आबा वाकले. "एक घोट, बाळ. रीत हाय."

आईनं पदर सोडला आणि मैत्राच्या तोंडावर धरला.

"तिचं व्रत हाय," ती म्हणाली. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

आणि गल्ली लगेच मागे सरली. मला अजून हसू येतं. बसवराजनं वर्षभर सांगितलेलं, मृण्मयीनं मोबाईलवर दाखवलेलं कुणालाही पटलं नव्हतं. 'व्रत हाय' म्हटल्यावर कोपऱ्यावरची पानवालीसुद्धा म्हणाली, "अगं बाई, मग नको हो आबा. लेकराचं मोडायचं न्हाई." कुणी विचारलंही नाही कशाचं व्रत, किती दिवसांचं.

आबा ग्लास घेऊन उभे. फेस बसत चालला होता. "मग देऊ कुणाला? लहानाला द्यायची रीत हाय."

"आजीला द्या," मैत्रा पदराआडून म्हणाली. "आजी माझ्यासारखीच आहे. ती कधीच पीत नाही."

दोघं-तिघं हसले. आबाही हसले. "आजी वसुबारसेला पीत न्हाई, बाळ. एकच दिवस."

"नाही आबा. आम्ही रोज बरोबर जेवतो ना, सगळ्यांचं झाल्यावर. ती ताकपण घेत नाही. भाकरीवर तेल घेते. आणि चहा कोरा."

आई कोरा चहा पिते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पित्तामुळे, असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी विचारलं नव्हतं. मी उभ्या उभ्या आठवायला लागले. माणसाचं तोंड बघून हप्ता येणार की नाही सांगणारी मी, मला माझी आई हातात ग्लास धरलेली हजार वेळा आठवली. प्रत्येक वेळी तो हात दुसऱ्या कुणाकडे पुढे केलेला होता.

आबांचं हसू हळूहळू गेलं. "अगं," ते म्हणाले, "तू दूध पीत न्हाईस?"

"न्हाई."

"कधीपासनं?"

"हितं आल्यापासनं म्हणा की."

"का?"

आईला प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. बसचा मार्ग सांगावा तसं ती सांगायला लागली. "पहिलं गिऱ्हाईक. मग तुमी. मग सासूबाई होत्या. मग पोरं. मग रेडकाला सोडायचं. त्यातनं ऱ्हायलं तर इरजणाला. मग कुठलं? पुढं पुढं मला वासच नको झाला." आणि पदर सारखा करत, "त्यात काय एवढं. काय मेले न्हाई मी."

म्हशीच्या गळ्यातल्या कवड्या तेवढ्या वाजल्या. मृण्मयीच्या हातांची घडी केव्हा सुटली ते मला दिसलं नाही. पण आता तिचे हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे.

आबांनी ग्लास आईपुढे धरला. "मग आज तू घे."

"आता कशाला? उलटी व्हईल मला."

"मग करू काय ह्येचं?"

आईनं घरातल्या माणसांवरून नजर फिरवली. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांना ताटं पुरतील का ते बघते तशी. ती नजर मृण्मयीपाशी थांबली.

"सुनेला द्या. मैत्राच्या मागनं घरात धाकटी तीच हाय."

मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं. मी हरणीची शिंगं बघू लागले. रंग चांगला बसला होता. तिनं नकार दिला असता तर कुणी जबरदस्ती केली नसती. पण सांडता येत नव्हतं, परत ओतता येत नव्हतं आणि समोर सत्तरी ओलांडलेला माणूस हात पुढे करून उभा होता. तिनं ग्लास घेतला. दोन्ही हातांनी घेतला. ओठांपर्यंत नेला.

"हितं नको," आई म्हणाली.

मृण्मयी थांबली.

"पोरीसमोर नको. तिनं ठरवलंय न्हवं? आत जाऊन पी." आणि मग जवळ सरकून, फक्त तिला आणि मला ऐकू येईल इतक्या हळू, "अक्काकडं चहा पितीस तसं."

मृण्मयी आत गेली. बाहेर बसवराजनं मोटारसायकलला किक मारली, हरणीनं मान वर केली, गल्ली ओरडत मागे पळाली आणि मैत्रा आबांच्या खांद्यावर बसून सगळ्यांत पुढे गेली. आबांनी हात धुतले होते. मी बघितलं.

ओसरीवर आम्ही दोघीच उरलो. आई खाली बसून सांडलेला हिंगूळ फडक्यानं पुसत होती. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं चहाचं?"

"तुझ्याकडनं आली की ती कोरा चहा घेत न्हाई," आई म्हणाली. "पोट भरलेलं असतंय."

मृण्मयी बाहेर आली. तोंड पुसलं होतं, पण नीट नाही. ती माझ्याशी बोलेल, अटीबद्दल, निकालाबद्दल, असं मला वाटत होतं. मी पंच म्हणून दोन वाक्यं तयारही ठेवली होती. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"आई," ती म्हणाली, "मैत्राचे थंडीचे कपडे कुठल्या कपाटात ठेवू?"

"खालच्या. वरच्याला उंदीर हाईत."

आईनं तिच्या हातातून रिकामा ग्लास घेतला, उजेडात धरून बघितला आणि मैत्राच्या भांड्यांपासून लांब, मागच्या मोरीवर घासायला टाकला.